रहस्य तिचे, उकलही तिचीच

रहस्यपट म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. रात्र असावी, पाऊस कोसळत असावा, जुना वाडा असावा आणि त्या वाड्याच्या सज्जातून पांढरी साडी नेसलेली एक स्त्री गात गात निघून जावी. १९६४ साली आलेल्या ‘वह कौन थी’ने साधनाला अशा पांढऱ्या साडीत कायमचे नेऊन बसवले. त्याच वर्षी आपल्याकडे राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ आला. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरून काढलेल्या या चित्रपटाने मराठी प्रेक्षकांना खुर्चीला खिळवून ठेवले, आणि दोनच वर्षांनी, १९६६ साली, त्याच कथेवर हिंदीत ‘मेरा साया’ निघाला. आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असलेली ही स्त्री नेमकी कोण, हा या दोन्ही चित्रपटांचा प्रश्न. ‘वह कौन थी’ने तर तो प्रश्न सरळ नावातच घालून टाकला!

हे चित्रपट मला मनापासून आवडतात, आणि त्यांतली गाणी अजूनही स्वयंपाक करताना ओठांवर येतात. पण एक गोष्ट त्यांत हटकून आढळते. स्त्री हे कोडे असते. ते सोडवणारा डॉक्टर असेल, वकील असेल, इन्स्पेक्टर असेल, तो पुरुष असतो. ती बघण्याची गोष्ट आणि तो बघणारा. एखादी मुलगी हातात वही घेऊन त्या वाड्यात शिरली, तिने मेणबत्तीचे थेंब मोजले, जिन्यावरच्या धुळीतली पावले तपासली आणि शेवटी सगळ्या घरादारासमोर उभी राहून म्हणाली, “थांबा, खरे काय घडले ते मी सांगते,” असा मराठी चित्रपट मला आठवून आठवत नाही.

मी मराठी शिकवते. त्यामुळे पडद्यावर सापडले नाही ते पुस्तकांत शोधण्याची खोड लागलेली. रहस्यकथेच्या बाबतीत आपली भाषा काही दरिद्री नाही. बाबूराव अर्नाळकरांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, काळा पहाड आणि धनंजय एके काळी गिरणगावातल्या खोलीपासून वकिलाच्या दिवाणखान्यापर्यंत सगळीकडे ठाण मांडून होते. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेण्याला सायकलवर बसवून पुण्यात सोडले, आणि ‘फास्टर फेणे’ने दोन-तीन पिढ्यांच्या मे महिन्याच्या सुट्ट्या सार्थकी लावल्या. २०१७ साली आदित्य सरपोतदार यांनी त्याला चित्रपटात आणले. अमेय वाघ फेणे झाला, आणि दिलीप प्रभावळकर खुद्द भा. रा. भागवत म्हणून पडद्यावर अवतरले. या साऱ्या पुस्तकांच्या निम्म्या वाचक मुली होत्या, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आम्ही त्या वाचत होतो आणि वाचताना मनातल्या मनात बनेशची सायकल चालवत होतो. आमची स्वतःची सायकल मात्र कुणी लिहिली नाही.

परदेशात ही सायकल फार लवकर लिहिली गेली, आणि नुसती सायकल नव्हे, तर निळी मोटार! १९३० साली अमेरिकेत नॅन्सी ड्रू नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीची पहिली तीन पुस्तके एकदम बाजारात आली. आई लहानपणी वारलेली, वडील वकील, घर सांभाळणारी एक प्रेमळ बाई आणि दाराशी स्वतःची गाडी. जुन्या घड्याळात दडवलेले मृत्युपत्र असो, की भिंतीतला गुप्त जिना असो, नॅन्सी माग काढून शेवटाला जायचीच. पुस्तकांवर लेखिका म्हणून कॅरोलिन कीन हे नाव छापलेले असे. गंमत अशी, की कॅरोलिन कीन नावाची बाई जगात नव्हतीच. एका प्रकाशन-व्यवसायाने ठरवलेले ते टोपणनाव होते, आणि सुरुवातीची बहुतेक पुस्तके मिल्ड्रेड वर्ट नावाच्या, पत्रकारितेची पदवी घेतलेल्या तरुणीने प्रत्येकी १२५ डॉलरच्या मोबदल्यात लिहून दिली होती. १९८० साली एका खटल्यात तिची साक्ष झाली, तेव्हा कुठे हे रहस्य सगळ्यांना कळले. मुलींना रहस्ये उकलायला शिकवणारी लेखिका स्वतः पन्नास वर्षे पडद्याआड होती!

नॅन्सी पडद्यावर आली १९३८ साली. बोनिटा ग्रॅनव्हिल ही तेव्हा अवघी पंधरा वर्षांची नटी तिच्या भूमिकेत होती, आणि दोन वर्षांत एकामागून एक असे चार चित्रपट निघाले. पुढे २००७ साली एमा रॉबर्ट्स नॅन्सी झाली, २०१९ साली सोफिया लिलिस झाली. या शेवटच्या चित्रपटात भुताटकीच्या घरात एकटी राहणारी एक म्हातारी आहे. तिच्या बोलण्यावर कुणाचा विश्वास नाही, आणि स्केटबोर्डावरून हिंडणारी नॅन्सी तिच्या मदतीला जाते. मग २०२० साली आली एनोला होम्स. नॅन्सी स्प्रिंगर यांच्या कादंबऱ्यांतली ही पोर म्हणजे जगप्रसिद्ध शेरलॉक होम्सची धाकटी बहीण. मिली बॉबी ब्राऊन या मुलीने ती भूमिका अशा काही मिस्कीलपणे केली आहे, की शेरलॉक बिचारा तिच्यापुढे शाळामास्तर वाटतो.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी परक्यांची कौतुके. आपला याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो मला आमच्या येडशीला कळला.

येडशी हे माझे माहेर. धाराशिव जिल्ह्यातले, बालाघाटाच्या डोंगररांगेतले गाव. जुन्या बार्शी लाइट रेल्वेचे हे स्टेशन. अडीच फुटी रुळांवरून चालणारी ती चिमुकली गाडी १९११ साली लातुरापर्यंत पोहोचली. त्या काळी रेल्वे जिल्ह्याच्या गावाला शिवतच नसे, त्यामुळे उस्मानाबादकरांनाही गाडी गाठायला येडशी जवळ करावे लागे. याचा आम्हां येडशीकरांना कोण अभिमान! २००७-०८च्या सुमारास रुळ रुंद झाले, गाडी जिल्ह्याच्या गावावरून जाऊ लागली, आणि आमचा तोरा उतरला. २०२३ साली जिल्ह्याचे नावही बदलून धाराशिव झाले. असो.

२०२४च्या दिवाळीत भाऊबिजेला मी पुण्याहून येडशीला गेले होते. रात्री जेवणे आटोपल्यावर दादाच्या मुलीने, म्हणजे माझ्या नववीतल्या भाचीने, हट्ट धरला आणि सगळ्या घराने मिळून ‘एनोला होम्स’ पाहिला. इंग्रजी कुणालाच नीटसे कळत नव्हते, म्हणून मी मधून मधून मराठीत सांगत होते. कथा अशी, की सोळाव्या वाढदिवसाच्या सकाळी एनोलाची आई घरातून नाहीशी होते. जाताना फुलांच्या आणि अक्षरांच्या सांकेतिक भाषेत लेकीसाठी खुणा ठेवून जाते. मोठा भाऊ मायक्रॉफ्ट पालक म्हणून येतो आणि बहिणीला ‘चांगले वळण’ लावणाऱ्या शाळेत कोंडायचे ठरवतो. ती मुलाचा वेष करून पळते आणि आईला शोधत लंडन गाठते.

माझी आई सत्तरी ओलांडलेली. पदराला हात पुसत तिने पहिला प्रश्न विचारला, “आई गेली कामून पण? असं लेकरू टाकून?” वहिनी म्हणाली, “टाकून नाही गेली, आत्याबाई. जायच्या आधी सगळं शिकवून गेली.” दादाला मायक्रॉफ्टचे पटत होते, एकट्या पोरीने रेल्वेत बसून जायचे म्हणजे काय? भाची सबंध चित्रपटभर गप्प होती. शेवटी नावांची यादी वर सरकू लागली तेव्हा तिने मला हळूच विचारले, “आत्या, तिला रात्री किती वाजेपर्यंत घरी यायचं असतं?”

त्या प्रश्नावर मी पुष्कळ दिवस विचार केला. दोन तासांच्या पळापळीतून, मारामाऱ्यांतून, सांकेतिक अक्षरांतून पोरीने नेमका तोच एक प्रश्न उचलला होता.

डिटेक्टिव्ह व्हायला काय लागते? डोळे लागतात, पाय लागतात आणि कान लागतात. यांपैकी डोळे आपल्या मुलींना उपजतच असतात. आपल्या घरांत तर ते अधिकच तीक्ष्ण होतात. आज बाबांचा आवाज कसा आहे, पाहुण्यांच्या पिशवीत काय आहे, आईने चहात साखर कमी का घातली, हे घरातल्या पोरीला न सांगता कळते. पाय असतात, पण त्यांना वेळेचे बंधन असते: दिवेलागणीच्या आत, सोबत कुणीतरी असेल तर, सांगून, विचारून. आणि कान? कान तिचे स्वतःचे असून भागत नाही. ते दुसऱ्या कुणाचे तरी लागतात. तिने जे पाहिले ते ऐकून घेणारे, आणि खरे मानणारे.

नॅन्सीच्या दाराशी गाडी होती, हे खरे. पण तिची खरी श्रीमंती म्हणजे तिचे वडील. मुलगी संशय बोलून दाखवते आणि अनुभवी वकील बाप हातातले काम बाजूला ठेवून ऐकतो. एनोलाला आईने आधीच सांगून ठेवले होते, की तू विचार करू शकतेस. ज्या मुलीला असे कान मिळत नाहीत, तिची गत काय होते, ते पाहायला परदेशी जायला नको. विशाल भारद्वाज यांचा ‘द ब्ल्यू अंब्रेला’ पाहा. रस्किन बॉण्ड यांच्या कथेवर काढलेला हा चित्रपट. हिमालयातल्या खेड्यातल्या बिनिया नावाच्या पोरीची निळी छत्री चोरीला जाते. दुकानदार नंदकिशोरवर तिचा संशय आहे. पोलीस येतात, झडती होते, काही सापडत नाही, आणि सगळे गाव पोरीलाच दोष देऊन मोकळे होते. पण बिनिया हटत नाही. दुकानदाराकडे नवी लाल छत्री येते, तेव्हा ती रंगाऱ्यापर्यंत माग काढते. मग पाऊस येतो, लाल रंग ओघळतो आणि खालचा निळा उघडा पडतो. पंकज कपूर यांनी तो लोभी, केविलवाणा दुकानदार अप्रतिम केला आहे, म्हणून प्रेक्षक त्याच्यासाठी हळहळतो. मला मात्र दर वेळी ती पोर आठवते. तिला आधी कुणी खरे मानले असते, तर एवढे कशाला घडले असते?

मराठी मुलगी प्रत्यक्षात डिटेक्टिव्ह झालीच नाही, असेही नाही. रजनी पंडित यांचे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. त्यांचे वडील गुप्तचर पोलीस खात्यात होते. रजनीताई रुपारेल महाविद्यालयात शिकत होत्या, आणि विषय कोणता, तर मराठी साहित्य! हे कळल्यापासून माझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलींकडे मी जरा आदराने पाहते. महाविद्यालयात असतानाच त्यांना एका वर्गमैत्रिणीचे वागणे बदललेले जाणवले. ती वाईट संगतीत सापडली आहे, हे त्यांनी स्वतः माग काढून शोधले आणि तिच्या घरच्यांना पुराव्यासह दाखवून दिले. पुढे १९९१ साली त्यांनी मुंबईत स्वतःची तपास-संस्था काढली, वेषांतरे केली, मोलकरीण होऊन परक्या घरात राहिल्या. मला त्या पहिल्या प्रकरणाचे महत्त्व फार वाटते. तिथे हिरे नव्हते, खून नव्हता. एका मुलीने दुसऱ्या मुलीकडे नीट लक्ष दिले होते, एवढेच.

हेच एवढेसे आमच्याकडेही घडले, आणि म्हणून हा लेख लिहायला बसले. ते सांगण्याआधी आमच्या गावाजवळच्या रानाची थोडी ओळख करून द्यायला हवी. कारण त्या गोष्टीत एक वाघही आहे.

येडशीच्या घाटात रामलिंगाचे देऊळ आहे. पावसाळ्यात धबधबा कोसळतो, माकडांचे कळप देवळाच्या पायऱ्यांवर प्रसादाची वाट बघत बसतात, आणि श्रावणात गर्दी मावत नाही. सीतेला नेणाऱ्या रावणाला जटायूने इथेच अडवले, अशी आमच्याकडची श्रद्धा. लहानपणी आई ही गोष्ट सांगायची, तेव्हा माझे लक्ष जटायूकडे असे. आता मराठीची प्राध्यापिका म्हणून विचार करते तेव्हा दुसरेच जाणवते. रामायणातला हा सगळा भाग म्हणजे एक तपासच आहे. जटायू हा साक्षीदार. आणि मागाच्या खुणा ठेवल्या कुणी? खुद्द सीतेने. आकाशमार्गाने जाताना तिने दागिने काढून खाली टाकले. ते वानरांना सापडले, म्हणून दिशा कळली. पळवून नेली जात असलेली स्त्री रडत असतानाही खुणा सोडत जाते. पाहणारे कुणी हवे.

देवळाभोवतीचे रान म्हणजे येडशी रामलिंगघाट अभयारण्य. १९९७ साली ते जाहीर झाले. क्षेत्र जेमतेम २२ चौरस किलोमीटर. बिबटे, हरणे, मोर ठीक, पण वाघ या रानात असल्याचे आमच्या आजोबांनीही सांगितले नव्हते. डिसेंबर २०२४मध्ये रानात लावलेल्या कॅमेऱ्यात चक्क वाघ दिसला! हा आला कुठून? वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. छायाचित्रे ताडून पाहिली, तेव्हा कळले, की हा यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला तरुण नर. साडेचारशे-पाचशे किलोमीटर शेते, रस्ते, नद्या ओलांडून तो एकटा येडशीला आला होता. त्याला पकडायला वनखात्याची पथके आली, त्याने सगळ्यांना हुलकावण्या दिल्या. भाचीने ही सगळी कात्रणे लाँगबुकात चिकटवली होती. “आत्या, पट्ट्यांवरून माग काढला,” ती फोनवर मला सांगत होती. “असं मला करायचंय.”

वाघाने जनावरे मारली, आणि पंचक्रोशीत साहजिकच घबराट पसरली. मुलींच्या बाहेर पडण्यावर आणखी एक कुलूप बसले. शिकवणीची वेळ बदलली, शेतावर जाणे बंद झाले. याच दिवसांत भाचीच्या वर्गातली एक मुलगी शाळेत येईनाशी झाली. कोण, कुठल्या गावची, हे मी सांगणार नाही. शाळेत आसपासच्या पुष्कळ गावांतल्या मुली येतात. घरच्यांनी कळवले, की वाघाची भीती आहे, म्हणून मामाकडे ठेवली आहे. गुरुजींना पटले, वर्गाला पटले. भाचीला पटले नाही. तिने लाँगबुकाच्या मागच्या पानावर लिहिले, “मामाचे गाव रानाला जास्त जवळ आहे.”

मी ते पान पाहिले आहे. खाली आणखी चार ओळी होत्या. मैत्रिणीने शेवटच्या दिवशी कंपासपेटी भाचीला देऊन टाकली, आणि “राहू दे तुझ्याकडंच” म्हणाली. महिनाभर वाचायला नेलेले ग्रंथालयाचे पुस्तक चार दिवसांत परत केले. दिवाळी होऊन गेली असताना त्यांच्या घराला नव्याने रंग द्यायला घेतला. आणि तिची आई शिंप्याच्या दुकानात मुलीच्या मापाचे ब्लाऊज टाकून आली. शेवटी एकच शब्द, त्याखाली दोन रेघा: “लग्न?”

पोरगी चौदा वर्षांची, मैत्रीण पंधराची.

भाची आधी दादाकडे गेली. दादा वाईट माणूस नाही. पण तो म्हणाला, “दुसऱ्याच्या घरात डोकावू नये. आपल्याला त्याच गावात राहायचंय.” ती माजघरात जाऊन रडत बसली. तेव्हा आईने तिला जवळ बोलावून ते पान वाचायला लावले. आईला स्वतःला फारसे वाचता येत नाही. सातवीच्या आतच तिची शाळा सुटली, आणि पंधराव्या वर्षी ती आमच्या घरात सून म्हणून आली. पान ऐकून झाल्यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “माझ्या वेळंलाबी भिंती सारवायला काढल्या व्हत्या. मला वाटलं, सण हाय.” आणि दादाला हाक मारून सांगितले, “पोरगी खरं बोलायलीय. तो नंबर लाव.”

तो नंबर म्हणजे १०९८. मुलांच्या मदतीसाठी असलेली ही फुकट दूरध्वनी-सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. फोन करणाऱ्याचे नाव गुप्त राहते. बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदा २००६ सालचा. त्याप्रमाणे मुलीचे वय अठरा पुरे झाल्याशिवाय लग्न लावता येत नाही. लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात खेड्यापुरता ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे शहरातल्या पुष्कळ सुशिक्षितांना ठाऊक नसते. आणि हा प्रकार फक्त आमच्या मागास मराठवाड्यातलाच, असे समजून निःश्वास टाकू नका. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले.

लग्न थांबले. अधिकारी घरी गेले, आईवडिलांना बालकल्याण समितीपुढे बोलावले, अठरा पुरी होईपर्यंत लग्न करणार नाही असे लिहून घेतले. मुलगी शाळेत परत आली आणि वार्षिक परीक्षेला बसली. चित्रपटात इथे वाद्यवृंद वाजला असता. आमच्याकडे तसे काही झाले नाही. फोन कुणी केला हे कुणीही सांगितले नव्हते, पण गावाला असल्या गोष्टीचा अंदाज बांधायला डिटेक्टिव्ह लागत नाही. त्या घराने आमच्या घराशी बोलणे टाकले. वहिनीला पाणवठ्यावर टोमणे ऐकावे लागले. ‘चोंबडी’ ही पदवी भाचीला मिळाली. सर्वांत वाईट हे, की ती मैत्रीणही तिच्याशी दोन महिने बोलली नाही. आईवडिलांची चारचौघांत मान खाली गेली, ते तिला सहन झाले नव्हते. भाची मला फोनवर म्हणाली, “आत्या, एनोलाला असं कुणी बोलणं सोडलेलं दाखवलं नाही.”

मी तिला एवढेच म्हटले, की कंपासपेटी जपून ठेव. परीक्षेच्या आदल्या दिवशी मैत्रीण ती मागायला आली. त्या दोघींत काय बोलणे झाले, ते मी विचारले नाही. डिटेक्टिव्हच्या आत्यालाही काही मर्यादा पाळाव्या लागतात.

दादात मात्र एक बदल झाला आहे. संध्याकाळी पोरगी घरी आली, की तो पूर्वी विचारत असे, “उशीर का?” आता विचारतो, “आज काय बघितलंस?” प्रश्न साधाच आहे, पण तिच्या डोळ्यांना, पायांना आणि आपल्या कानांना त्याने एकत्र आणले आहे. बाहेर जायला तिला अजूनही वेळेची अट आहे. ती अट एका प्रश्नाने सुटणार नाही, आणि एका चित्रपटानेही नाही. तरी पहिली गाठ तर सैल झाली!

मराठी चित्रपट काढणाऱ्या मंडळींना माझी एक विनंती आहे. आम्हांला एक रहस्यपट द्या. सगळ्या घराने, आजीपासून नातवापर्यंत, एकत्र बसून पाहावा असा. त्यात खून नसला तरी चालेल. वाडा तर आमच्याकडे पाहिजे तितके आहेत. घाट आहे, धबधबा आहे, रुळ उखडलेली जुनी रेल्वेची वाट आहे, माकडे फुकट काम करतील, आणि वाघाला तर कॅमेऱ्याची सवय आहे. नायिका चौदा-पंधरा वर्षांची असू द्या, दोन वेण्या घातलेली, पाठीला दप्तर, हातात लाँगबुक. तिच्याजवळ निळी मोटार नसेल. शाळेला जाणारी एसटी पुरे. तिने चोर पकडावा, गुप्त जिना शोधावा, काय वाटेल ते करावे. फक्त एक प्रसंग त्यात जरूर असावा. तिने जे पाहिले ते ती घरात सांगते आहे, आणि घरातले कुणीतरी हातातले काम ठेवून ऐकते आहे.

आणि वाचकहो, तो चित्रपट निघेपर्यंत तुमच्या-माझ्या घरातली एखादी मुलगी या दिवाळीत फराळाचे ताट बाजूला सारून म्हणेल, “आई, मला एक गोष्ट विचित्र वाटतेय.” तेव्हा तिला गप्प करू नका. टीव्हीचा आवाज कमी करा आणि विचारा, “काय पाहिलंस?”